पान चौदा

माधव नगर, उज्जैन
२९ ऑगस्ट

विनोदिनीबाई,

नमस्कार लिहावासा वाटला नाही म्हणून लिहिलेला नाही. वाटत नसताना लिहू नये हे तुम्हीच शिकवलंत.

मी अश्लेषा, तुमच्या भावाची मुलगी. शाळेच्या फाटकाशी रोज उलटी व्हायची म्हणून पाचवीपर्यंत तुम्ही जिला घरीच शिकवलंत, ती. तुम्ही पुण्याला निघून गेलात तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिथून तुम्ही कोल्हापूरकडच्या पुरात लोकांची मनं सांभाळायला गेलात आणि इकडे आजी गेली. तुम्ही तेराव्यालाही आला नाहीत. हे सगळं यासाठी लिहिते, की इतक्या लोकांचं ऐकताना घरातल्यांची नावं लक्षात राहिली असतील असं मी धरून चालत नाही.

आता काम.

या महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी क्षिप्रेचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं. लोकांना आमच्या भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं. मी शहरातल्या एका स्वयंसेवक पथकात आहे आणि तिथे मानसिक आधाराचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी मला मिळालेलं साहित्य असं: दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक निळं जॅकेट, आणि तुम्ही लिहिलेली पुस्तिका. पुस्तिका आमच्या हाती दिली गेली आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला.

पान चौदा मला पाठ आहे. ‘पहिल्या तीन दिवसांत बाधितांना गोलात बसवावे. प्रत्येकाकडून घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगून घ्यावी. कोणी टाळत असल्यास प्रेमाने आग्रह करावा. मध्ये थांबू देऊ नये. सांगितल्याने मन हलके होते.’

तेरा तारखेला मी गोल केला. एकोणीस माणसं होती. त्यांत मीना होती, वय तीसच्या आसपास. घाटावर फुलांच्या टोपल्या विकते, घरी ब्लाउज शिवते. तिची नणंद गौरी वाहून गेली होती आणि तोपर्यंत सापडली नव्हती. मीनाच्या एका बाजूला तिचा नवरा सुमीत, दुसऱ्या बाजूला सासू.

मीना म्हणाली, “मेरे को नहीं बोलना, दीदी.”

मी प्रेमाने आग्रह केला. तीनदा. नाही, तीनदा नव्हे, चारदा. चौथ्यांदा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बोल दोगी तो मन हल्का हो जाएगा.”

ती बोलली. “मैं छत पे थी. गौरी का हाथ मेरे हाथ में था.” मग थांबली.

तुमच्या पुस्तिकेत थांबू देऊ नये असं आहे. मी विचारलं, “फिर?”

“फिर मैंने छोड़ दिया. दूसरे हाथ से पाइप पकड़ा था. दोनों नहीं पकड़ा रहे थे.”

मग सासू म्हणाली, “अब तक तो बोल रही थी कि लकड़ी आके टकराई.”

बास. एवढंच. त्या दुपारी मीनाची थाळी वेगळी ठेवली गेली. पंधराला गौरी सापडली. सोळाला सुमीतने मीनाला नानाखेड्याला तिच्या आईकडे सोडलं आणि चहा न घेता परत गेला. तेव्हापासून मीना एक शब्द बोललेली नाही. उजव्या हाताने काही धरत नाही. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलते.

मी आता तिच्यासाठी कुणीतरी शोधते आहे. एक यादी मिळाली, समुपदेशकांची. सात नंबर होते. तीन बंद. एकावर एक गृहस्थ म्हणाले, आम्ही आता प्रॉपर्टीचं काम करतो. एका बाई ऑनलाइन आणि इंग्रजीत बोलायला तयार होत्या. मी विचारलं, पेशंट बोलतच नसेल तर? त्या म्हणाल्या, “देन इट विल बी डिफिकल्ट.” सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर मंगळवारी बसतात. फक्त मंगळवारी.

पण हे शोधताना मला आणखी काही सापडलं. आपत्तीत काम करणाऱ्यांसाठी बाहेर जे काही लिहिलेलं आहे, त्यातल्या प्रत्येकात एक वाक्य आहे: कुणालाही सांगायला भाग पाडू नका. प्रत्येकात. आणि हे पंधरा-वीस वर्षांपासून आहे.

तुम्हाला हे माहीत होतं का? ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच कळवा.

अश्लेषा


११ सप्टेंबर

तुझं पत्र आलं.

तू लिहितेस की पुस्तिका लिहिली तेव्हा माहीत नव्हतं. दोन वर्षांनी कळलं. कळल्यावर तू पान चौदा बदललंस आणि बदललेलं पान तीन वर्षांपूर्वी उज्जैनच्या घरी पाठवलंस, माझ्या नावाने.

असं काही माझ्या हाती लागलेलं नाही.

स्वतःची चूक पोस्टावर ढकलणं सोपं असतं. पोस्टमन उलट बोलत नाही. तू मला सात वर्षांची असताना सांगितलं होतंस, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा आधी शांत होतो. तुझं अक्षर फार शांत आहे.

अश्लेषा


१४ सप्टेंबर

आत्या,

मी ‘हाती लागलं नाही’ असं लिहिलं. वाक्य खरं आहे आणि मी खोटं बोलले.

आपल्या घरात तुझ्या पत्रांचा एक नियम आहे. तो आजीच्या तेराव्याला ठरला. बाबा म्हणाले होते, रक्ताच्या माणसाचं पत्र परत पाठवायचं नाही, ते नातं तोडल्यासारखं होतं. आणि उघडायचंही नाही. म्हणून तुझं पाकीट आलं की आई ते कपाटावरच्या चकलीच्या डब्यात ठेवते. दिवाळीला डबा लागतो तेव्हा पाकिटं आठ दिवस देव्हाऱ्याखालच्या खणात जातात. मग परत डब्यात. इतकी वर्षं आईने हे केलं आहे आणि एकदाही विचारलं नाही. मीही नाही. पाकिटांना तळणीचा वास येतो.

तुझं या वेळचं पत्र मीच पोस्टमनच्या हातातून घेतलं होतं, आणि ते वाचलं त्याच क्षणी मला डबा आठवला होता. मी स्टूल घेतलं नाही. बसून तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं, पोस्टात टाकून आले, आणि तीन दिवस कपाटाकडे पाठ करून जेवले.

आज स्टूल घेतलं. बाबा पेपर वाचत होते.

“काय काढतेस?”

“आत्याचं पाकीट.”

“ठरलंय ना आपलं?”

“तुमचं ठरलंय, बाबा. मला कुणी विचारलं नव्हतं.”

“तू तेव्हा रडत होतीस. विचारणार काय?”

मी डबा खाली आणला. अकरा पाकिटं होती. एकावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, ‘अशूसाठी, तातडीचे’. तातडीचे! ते आलं त्या दिवशी मी आईला ते डब्यात टाकताना पाहिलं होतं. मला ‘अशूसाठी’ दिसलं होतं. मी म्हणाले होते, “ठेव ना आई, आपल्याला काय करायचंय?” मला त्या वेळी फार ताठ मानेची असल्यासारखं वाटलं होतं, हे पण लिहून ठेवते.

आत नवं पान चौदा होतं आणि तुझी चिठ्ठी. कुणीतरी तुला माझा निळ्या जॅकेटमधला फोटो दाखवला, म्हणून तू घाबरून पाठवलंस. ‘जुने पान वापरू नकोस. लोकांना बोलते करू नये. पाणी द्यावे, जवळ बसावे, काय हवे ते विचारावे आणि ते आणून द्यावे.’ इतकं सोपं होतं. पाणी द्यायचं, जवळ बसायचं. चकलीच्या डब्यात पडलं होतं ते.

आणखी एक. मी लिहिलं होतं की पुस्तिका आमच्या हाती दिली गेली. कुणी दिली नाही. ती मी इंटरनेटवर शोधली. मुखपृष्ठावर तुझं नाव बघितलं आणि धावत शैलेंद्र सरांकडे गेले. ते आमचं पथक चालवतात. “सर, ये मेरी आत्या हैं.” त्यांना ‘आत्या’ कळलं नाही, म्हणून म्हटलं, “बुआ. पूना में बहुत बड़ा काम है उनका.” मग पंधरा दिवस बसून मी त्याचा हिंदी अनुवाद केला. तुझी पत्रं न उघडणारी मी तुझं नाव गावभर मिरवत होते.

हे झालं माझं. आता तुझं ऐक. तुझी सुटका झाली असं समजू नकोस.

तुला माहीत होतं की या घरात तुझं पत्र उघडत नाहीत. दहा पत्रांना उत्तर नव्हतं. तरी अकरावं तू त्याच पेटीत टाकलंस आणि कर्तव्य झालं म्हणून हात धुतलेस. माझा फोन नंबर शोधणं अवघड होतं? पथकाला एक ओळ कळवणं अवघड होतं? आणि पुस्तिका! मी काल परत शोधली. जिथे होती तिथेच आहे, तेच मुखपृष्ठ, तेच पान चौदा. दाबलं की अर्ध्या मिनिटात उतरते. या देशात मदतीचा एक नंबर धड लागत नाही, ‘संसाधने’ लिहिलेलं दाबलं की पान सापडत नाही म्हणून येतं, आणि जे एक पान सापडू नये ते मात्र लगेच सापडतं. तीन वर्षं तू ते तिथे राहू दिलंस. किती मीना झाल्या असतील, आत्या? तुला झोप कशी लागते?

अश्लेषा


२० नोव्हेंबर

आत्या,

तू लिहितेस की झोप लागत नाही. आणि ती पुस्तिका काढायला सांगितली आहे, पण ज्या संस्थेने ठेवली ती बंद पडली आहे, कुणाला सांगायचं ते कळत नाही. बरं.

इथलं ऐक. तेरा जानेवारीला सिंहस्थाच्या तयारीसाठी मोठं प्रशिक्षण आहे. तीनशे चाळीस स्वयंसेवक. तेव्हा गर्दी किती होईल हे तुला सांगायला नको, आणि गर्दीत काय होऊ शकतं हेही नको. या तीनशे चाळीस जणांना वाटण्यासाठी तुझी पुस्तिका छापून आली आहे. माझा अनुवाद. आतल्या पानावर माझंही नाव आहे. गठ्ठे ऑफिसात पंख्याखाली रचलेत. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला फाटकापाशी व्हायचं तसं झालं.

शैलेंद्र सरांना मी मीनाचं सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, “तो क्या करें? किताब छप चुकी है. पन्ना फाड़ दें?”

“हाँ सर.”

“तुम्हारे कहने से? बेटा, छह महीने पहले तुम्हीं बोल रही थीं कि इससे अच्छी किताब नहीं है. लेखिका से लिखवा के लाओ.”

तू म्हणतेस ईमेल करते, सुधारित पान जोडते. नको. ईमेल हा तुझा दुसरा चकलीचा डबा आहे. तू ये.

आणि आणखी एक मागते. तुला चुकांची वही आठवते? लाल कापडी पुठ्ठ्याची. चूक झाली की मी स्वतःच्या हाताने लिहायची: काय केलं, कुणाचं नुकसान झालं, आता काय करणार. आणि मग ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायची. सुटका नव्हती. ताप असला तरी नव्हती. ती वही माझ्याकडे आहे. शेवटची सहा पानं कोरी आहेत. एक तुझं, एक माझं. आपण दोघी नानाखेड्याला जाऊ आणि मीनासमोर वाचू. तू घातलेला नियम तुलाही लागू.

तारीख कळव.

अश्लेषा


२ डिसेंबर

आत्या,

तू ‘येते आणि वाचते’ म्हणालीस. माझं मागणं मी परत घेते. सगळं नाही, अर्धं.

आज मंगळवार होता. मी दर मंगळवारी मीनाला दवाखान्यात नेते. डॉक्टर चांगले आहेत, पण लाइन फार असते. गोळ्यांनी तिला झोप लागायला लागली आहे. ती आईशी थोडं बोलते. माझ्याशी नाही. आज लाइनीत बसल्यावर मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. की माझी बुआ येणार आहे, चूक तिची होती, माझी होती, आम्ही दोघी मीनासमोर कबूल करणार.

मीनाने ऐकून घेतलं. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. “तुम्हारी बुआ को नींद नहीं आती तो मैं क्या करूँ?”

मी लाइनीत एक जागा पुढे सरकले.

“उस दिन तुमको सुनना था, तो मैं बोलूँ. अब तुमको बोलना है, तो मैं सुनूँ?” तिच्या आवाजात राग होता आणि तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मला माझी लाज वाटली. “मेरी मशीन पड़ी है वहाँ. वो ला दो. ला सकती हो?”

शेजारची म्हातारी म्हणाली, “सही बोल रही है छोरी.”

घरी येऊन मी वही काढली. पेरूचं पान उघडलं. मी आठ वर्षांची. शेजारच्या सायलीकाकूंच्या झाडाचे दोन पेरू न विचारता तोडले होते. तू मला हाताला धरून नेलंस. काकूंकडे त्या दिवशी काकांचा दहावा होता. त्या मोरीतून ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि मी तीन ओळी खणखणीत वाचल्या. काकू उभ्याने ऐकत होत्या. हातातून पाणी गळत होतं. त्या “असू दे गं” म्हणाल्या. परत येताना तू विचारलंस, “आता हलकं वाटतंय ना?” मी “हो” म्हणाले. खरंच वाटत होतं.

काकूंना कसं वाटत होतं, हे तू विचारलं नाहीस. मला आत्तापर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

पान चौदा तू पुण्यात लिहिलं नाहीस, आत्या. ते तू आपल्या घरात माझ्यावर लिहिलंस. आणि मी ते इतकं चांगलं शिकले होते की पुस्तिकेत वाचलं तेव्हा मला नवीन काही वाटलंच नाही. मी मीनाला “फिर?” विचारलं तेव्हा तुझा आवाज माझ्या तोंडात होता. मला याचा भयंकर राग येतो. तू मला फाटकापासून वाचवलंस, वाचायला शिकवलंस, खरं बोलायला शिकवलंस. आणि खरं कुणासाठी बोलायचं, एवढंच राहून गेलं.

मीनासमोर काही वाचायचं नाही. तिच्या घरी तू जायचंही नाहीस.

पण तेराला ये. वही त्या तीनशे चाळीस जणांसमोर वाच. ते उद्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवणार आहेत. ऐकायची गरज त्यांना आहे.

अशू


८ जानेवारी

आत्या,

तुझं तिकीट कळलं. बस मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास नानाखेड्याच्या बस स्टँडला लागते. मी घ्यायला येणार नाही. ऑटोवाले महाकालला चलणार का विचारतील, माधव नगर म्हण.

शैलेंद्र सरांनी चहाच्या आधी तुला पंधरा मिनिटं दिली आहेत. ते म्हणाले, “बुआ ख़ुद आ रही हैं? अपनी किताब काटने?” मग म्हणाले, “ऐसा तो हमने देखा नहीं.” मीनाचं नाव घ्यायचं नाही. वस्तीचं नाव घ्यायचं नाही. हात, छत, पाइप, काही सांगायचं नाही. ती गोष्ट आपली नाही. ‘मी लिहिलं, ते चूक आहे, त्याने एका बाईचं घर गेलं’ एवढं पुरे. मग नवं पान. पानं मी छापून घेतली आहेत. तुझं झालं की प्रत्येकाने पुस्तिकेतलं पान चौदा स्वतःच्या हाताने फाडायचं आणि नवं चिकटवायचं. गोंदाच्या चाळीस बाटल्या टेबलाखाली आहेत. सरांना फाडण्याचा आवाज कसा येईल याची काळजी आहे. येऊ दे.

मीनाची शिलाई मशीन आणली. सुमीतने ती बाहेर काढून ठेवली होती, पुसलेली. सासू दारात उभी होती. मला वाटलं काही बोलेल. मी काही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना तिनेच मागून बॉबिनची डबी दिली आणि आत गेली. त्याचा अर्थ मी लावत नाही. मीना चाक अजून डाव्या हाताने फिरवते.

बाबांना तू येतेस हे सांगितलं. आधी म्हणाले, “मी घरी नसेन.” काल आईला म्हणाले, पोहे जास्त कर. आईने विचारलं, विनूताईंसाठी? तर म्हणाले, “गाडीतून उतरलेल्या कुणालाही लागतात.” बाकीची दहा पाकिटं मी त्यांच्या टेबलावर ठेवली आहेत. ती आता डब्यात नाहीत. उघडलेलीही नाहीत. रोज सकाळी त्यांच्यावरचा पेपर उचलतात आणि परत ठेवतात.

दुसऱ्या दिवशी संक्रांत आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस. माझा राग गेलेला नाही. आजीबद्दलचा तर अजून सुरूही केलेला नाही. त्यासाठी तुला राहावं लागेल.

वही तुझ्यासाठी व्यासपीठावर ठेवायला सांगितली आहे. लाल पुठ्ठा आहे, ओळखशील. माझं पान मी आधीच लिहिलंय, तुझ्या आधीचं आहे, तेही वाच. मी तिथे नसेन. मंगळवार आहे. मीनाबरोबर मी साडेसातपासून दवाखान्याच्या लाइनीत असेन. ती बोलणार नाही आणि मी विचारणार नाही. पाण्याची बाटली घेतली आहे.

वाचून झाल्यावर हलकं वाटलं, तर मला सांगू नकोस.

अशू